माशाचा वैद्य आणि रंगाचा कारखाना

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणमधील शोभिवंत माशांच्या दुकानात गल्ल्याजवळच्या फळीवर तीन छोट्या बाटल्या हमखास दिसतात. एकीत गडद निळे द्रव्य, दुसरीत हिरवे, तिसरीत पिवळे. गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके आले, मॉलीचे पर झडू लागले किंवा फायटर तळाशी निपचित पडून राहिला, की दुकानदार यांपैकी एक बाटली पुढे करतो. औषध टाकताना थेंब सांडला तर बोटावरचा डाग दोन-तीन दिवस जात नाही.

औषधाने कातडी रंगावी याचे कारण सरळ आहे. ही तिन्ही औषधे मुळात कृत्रिम रंगद्रव्ये आहेत. निळे म्हणजे मिथिलीन ब्लू, हिरवे मॅलाकाइट ग्रीन आणि पिवळे अ‍ॅक्रिफ्लेव्हिन. पहिली दोन जन्मली ती एकोणिसाव्या शतकातील जर्मन रंगोद्योगात, कापड रंगवण्यासाठी. पुढे विसाव्या शतकात कल्याण-डोंबिवलीचा पट्टा स्वतःच रंग बनवणारा पट्टा झाला आणि येथील नद्यांतल्या माशांना त्याची किंमत मोजावी लागली. माशांच्या आजाराचा इतिहास त्यामुळे या परिसरात एका वेगळ्याच वळणाने वाचावा लागतो.

आरंभ मात्र बराच मागे जाऊन करावा लागेल.

भारतीय परंपरेत प्राण्यांच्या वैद्यकाची उणीव नव्हती. हत्तींसाठी पालकाप्याच्या नावावर असलेला हस्त्यायुर्वेद आहे, घोड्यांसाठी शालिहोत्राची परंपरा आहे. झाडांसाठीसुद्धा वृक्षायुर्वेद आहे, आणि त्यात मासा येतो तो खतात कुजवण्याचा पदार्थ म्हणून! माशाच्या स्वतःच्या दुखण्यावर मात्र तशी प्रसिद्ध संहिता नाही.

माशांविषयी ज्ञान नव्हते असे नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात (इ.स. ११२९-३० च्या सुमारास) 'मत्स्यविनोद' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. नदीतले आणि समुद्रातले मासे कोणते, त्यांना काय खाऊ घालावे, गळ आणि दोरी कशी असावी, हे सारे त्यात येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर सविस्तर लेख लिहून आधुनिक अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले. (येथे एक खुलासा आवश्यक आहे. सोमेश्वराची राजधानी 'कल्याणी' म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी तिचा संबंध नाही; समाजमाध्यमांवर ही गल्लत वारंवार होते.)

राजाला मासा हवा होता तो गळाला लागणारा आणि ताटात येणारा. आजारी हत्ती म्हणजे राज्याचे नुकसान. आजारी मासा कोणाच्या नजरेसही पडत नसे. ठाण्याच्या मासुंदा तलावात काय किंवा कल्याणच्या शेणाळे तळ्यात काय, एखादा मासा अशक्त झाला की तो आधी बगळ्याला दिसे, माणसाला नाही. आजार ओळखायचा तर रुग्ण रोज डोळ्यांसमोर हवा. मासा तसा समोर आला तो काचेमागे गेल्यावर.

१८५० साली लंडनमधील औषधनिर्मात्यांच्या संघात काम करणाऱ्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने एका भांड्यात गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगायी ठेवून पाणी न बदलता ते जगवून दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिलिप हेन्री गॉस यांच्या साहाय्याने पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यानंतर युरोपातील घराघरांत काचपेट्यांचे वेड पसरले आणि त्या वेडासोबत एक नवा अनुभव आला. मासा हळूहळू मरताना दिसू लागला.

पहिला गाजलेला आजार म्हणजे आजही डोंबिवलीतल्या हौशी मत्स्यपालकाला सर्वाधिक छळणारा 'व्हाइट स्पॉट'. अंगावर, परांवर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके येतात. मासा दगडाला, रेतीला अंग घासतो. कल्ल्यांवर ठिपके आले की श्वास जड होतो.

१८७६ साली फ्रान्समध्ये फुके यांनी ट्राउट माशांवरील या परजीवीचे वर्णन करून त्याला नाव दिले, 'इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस'. ग्रीक-लॅटिन मिश्रणातल्या या नावाचा अर्थ साधारण 'पुष्कळ पोरे असलेली माशांची ऊ' असा होतो. विज्ञानातल्या नावांत इतके नेमके नाव क्वचितच सापडते. (परजीवी मात्र ऊ नाही, तो एकपेशीय सूक्ष्मजीव आहे.)

१८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मोठे मत्स्यालय उभारले होते. तेथील माशांना हाच आजार जडला आणि चार्ल्स स्टाइल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्यावर अहवाल लिहिला. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे प्रत्येक भारतीय शाळकरी मुलाला ठाऊक असते. त्याच प्रदर्शनातल्या काचपेट्यांत माशांच्या रोगनिदानाचा एक धडा गिरवला जात होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

या परजीवीचा जीवनक्रम समजणे म्हणजे अर्धे निदान. ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या त्वचेच्या आत, सुरक्षित बसलेला असतो. पाण्यात कोणतेही औषध टाका, तेथे ते पोहोचत नाही. पोसून झाल्यावर तो मासा सोडतो, तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. त्या एका कवचातून शेकडो पिले बाहेर पडतात आणि नवा मासा शोधत पोहू लागतात. औषधाने मरतात ती ही पोहणारी पिले.

आता घरातला प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. तीन दिवसांनी ठिपके नाहीसे होतात. मालक समजतो, मासा बरा झाला, औषध थांबवतो. खरे तर परजीवी खाली उतरून कवचात गेलेला असतो. चार दिवसांनी पूर्वीच्या कितीतरी पट ठिपके घेऊन तो परततो. पाणी उबदार असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणूनच जाणकार पाण्याचे तापमान थोडे वाढवतात आणि ठिपके गेल्यावरही उपचार चालू ठेवतात. घाई करणारा मालक आणि अर्धवट सोडलेले औषध ही जोडी मानवी वैद्यकातही अपरिचित नाही.

फुके यांनी परजीवीला नाव दिले ते वर्ष १८७६. योगायोग असा, की त्याच वर्षी जर्मनीत बीएएसएफ कंपनीतील हाइन्रिख कारो यांनी मिथिलीन ब्लू तयार केले. रोग आणि औषध एकाच वर्षी कागदावर आले, पण त्यांची गाठ पडायला पुष्कळ काळ जायचा होता.

कृत्रिम रंगांचा जन्मच औषधाच्या शोधातून झाला होता. १८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचे क्विनाइन प्रयोगशाळेत बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. त्यातून दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग बनवणारा प्रचंड उद्योग उभा राहिला. पुढे पॉल एर्लिश यांच्या लक्षात आले की काही रंग जिवंत पेशींपैकी ठराविकांनाच धरतात, बाकीच्यांना सोडतात. रंग जर जंतूला निवडून चिकटत असेल, तर त्याला निवडून मारणारही नाही का? १८९१ साली एर्लिश आणि पॉल गुटमान यांनी बर्लिनमध्ये हिवतापाच्या दोन रुग्णांना मिथिलीन ब्लू देऊन पाहिले आणि ते सुधारले. प्रयोगशाळेत बनवलेले द्रव्य माणसाच्या संसर्गावर औषध म्हणून यशस्वी होण्याचे हे आरंभीचे उदाहरण. हिवतापाच्या औषधाच्या शोधात सापडलेला रंगांचा मार्ग पस्तीस वर्षांनी हिवतापापाशीच येऊन पोहोचला होता.

मॅलाकाइट ग्रीन १८७७ च्या सुमारास आले. त्याचे एक जनक ऑटो फिशर. या जर्मन आडनावाचा अर्थ 'कोळी'! नावात मॅलाकाइट असले तरी त्या तांबेयुक्त हिरव्या खनिजाचा त्यात अंशही नाही, साम्य केवळ रंगाचे. रेशीम आणि कातडे रंगवणाऱ्या या द्रव्याचा माशांच्या बुरशीवर उपयोग होतो, हे १९३६ साली अमेरिकेत फॉस्टर आणि वुडबरी यांनी दाखवले. अंगावर कापसाच्या पुंजक्यासारखी वाढणारी बुरशी ही तोवर मत्स्यबीज केंद्रांची डोकेदुखी होती. पिवळे अ‍ॅक्रिफ्लेव्हिन १९१२ साली खुद्द एर्लिश यांच्याच शोधकार्यातून निघाले आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी वापरले गेले.

हिरव्या बाटलीची कथा पुढे काळवंडली. हे द्रव्य माशाच्या शरीरात बदललेल्या रूपात चरबीत साठून राहते आणि ते खाणाऱ्यासाठी घातक ठरू शकते, असे दिसल्यावर अनेक देशांनी खाण्याच्या माशांसाठी त्याचा वापर बंद केला. शोभेच्या माशांसाठी ते आजही विकले जाते. दुकानातल्या बाटलीवर ही सूचना ठळक असायला हवी. पुष्कळदा ती नसते.

आता मुंबईकडे वळू. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. ठाणे-कल्याणच्या दोन पिढ्यांनी काचेमागचा मासा प्रथम पाहिला तो तेथेच, शाळेच्या सहलीत. दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था सुरू झाली आणि माशांच्या रोगांचा अभ्यास पुढे तेथे पदव्युत्तर पातळीवर होऊ लागला. घरगुती छंद मात्र पसरला तो मध्य रेल्वेच्या रुळांवरून. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याहून विकत घेतलेला मासा, हवा भरून रबरबँडने बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, लोकलच्या गर्दीत पोटाशी धरून ठाण्याला आणि डोंबिवलीला आला. त्याच पिशवीतल्या पाण्यातून आजारही आले.

याला उपाय जुनाच आहे. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा. 'क्वारंटाइन' हा शब्द व्हेनिसमध्ये जहाजांना चाळीस दिवस थांबवून ठेवण्याच्या प्रथेतून आला. कल्याणला तर याचा स्वतःचा इतिहास आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरल्यावर शहराबाहेर जाणाऱ्या प्रवाशांची तपासणी कल्याण स्थानकावर होऊ लागली. पुणे आणि नाशिक, दोन्हीकडच्या गाड्या येथूनच फुटतात, म्हणून साथ अडवायला ही जागा सोयीची होती. प्रवाशांना उतरवून काखा-जांघांतल्या गाठी तपासल्या जात आणि त्या तपासण्यांनी लोकांत मोठा संताप माजला. साथीच्या प्रसाराचे गणित मात्र तेच होते: लक्षण दिसण्याआधीच रोगी पुढच्या गावी पोहोचलेला असतो. नव्या माशाला थेट जुन्या टाकीत सोडणारा हौशी मालक नेमके हेच गणित विसरतो.

तरीही घरातल्या टाकीतले बरेचसे मृत्यू कोणत्याही जंतूमुळे होत नाहीत. येथे निदानाचा इतिहास माशावरून पाण्याकडे सरकतो.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो. १८९० च्या आसपास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी दाखवले की अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे वेगवेगळे जिवाणू असतात. हेच जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करून मत्स्यालय जगवतात. शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत दुसऱ्या टप्प्याचे श्रेय 'नायट्रोबॅक्टर'ला दिले जात होते. १९९० च्या दशकात टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रामुख्याने 'नायट्रोस्पायरा' करतात असे आढळले. नव्या टाकीत ही वस्ती बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. उत्साही मालक पहिल्याच दिवशी दहा मासे सोडतो, आठवड्याभरात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, कल्ले लालभडक होतात, आणि घरातला कोणीतरी निळी बाटली उचलतो.

ती बाटली येथे घात करते. मिथिलीन ब्लू रोगजंतूंसोबत या उपकारक जिवाणूंनाही मारते, म्हणजे अमोनिया आणखी वाढतो. एर्लिश यांचे सारे तत्त्वज्ञान निवडून मारण्याचे होते. निदान चुकले की त्यांचेच द्रव्य अंदाधुंद मारते. गंमत अशी, की दुसऱ्या एका प्रसंगी तेच खरे उतारा ठरते. नायट्राइट वाढले की माशाचे रक्त तपकिरी पडते आणि प्राणवायू वाहू शकत नाही. मिथिलीन ब्लू रक्तातील हा दोष दुरुस्त करते, आणि माणसांच्या रुग्णालयांतही याच दोषासाठी ते शिरेतून देतात. तेव्हा वेगळ्या भांड्यातले निळे पाणी जीव वाचवते, मुख्य टाकीतले निळे पाणी फिल्टर मारते. दोन्हीकडे लक्षण एकच दिसते: धाप.

हा फरक डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी पाणी तपासावे लागते, आणि तेथेही पुन्हा रंगच कामाला येतो. अमोनियाच्या घरगुती चाचणीत नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा किंवा हिरवा रंग उमटतो. ही क्रिया १८५९ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलाँ बर्थेलो यांनी नोंदवलेल्या अभिक्रियेची वंशज आहे. नळीत तयार होते ते इंडोफेनॉल कुळातले रंगद्रव्यच. माशाच्या औषधापेक्षा ही तपासणीची बाटली अधिक जीव वाचवते, पण दुकानांत ती मागणारे थोडे.

नळाच्या पाण्याचाही इतिहास असाच आडवळणाने येतो. उल्हास नदीचे पाणी शुद्ध करून या शहरांच्या नळांत येते ते क्लोरीन घालून. अमेरिकेत १९०८ साली जर्सी सिटीने सार्वजनिक पुरवठ्यात क्लोरीनचा नियमित वापर सुरू केला आणि विषमज्वर, पटकी यांना आळा घालणारे हे तंत्र जगभर गेले. माणसाला वाचवणारे ते पाणी माशाचे कल्ले जाळते. उतारा म्हणून मत्स्यपालक जे पांढरे खडे विरघळवतात, ते सोडियम थायोसल्फेट. छायाचित्रकारांच्या अंधाऱ्या खोलीतले 'हायपो'. फोटो धुण्याचा धंदा संपला, हायपो माशांच्या दुकानात उरले.

या सगळ्यांहून जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे खडे मीठ. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातले क्षार सतत बाहेर झिरपत असतात आणि पाणी आत शिरत असते. आजारात हा तोल राखणे त्याला जड जाते. लीटरमागे एक ते तीन ग्रॅम मीठ घातले तर हा भार हलका होतो आणि काही परजीवींनाही ते सोसत नाही. (कोरिडोरससारख्या बिनखवल्याच्या माशांना ते जपून द्यावे लागते.) ठाण्याच्या खाडीकाठी, मुलुंड-भांडुपपासून भाईंदरपर्यंत, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे चालली. मिठाच्या या मुलखात आजारी माशासाठी महागडी बाटली शोधली जाते, याला जाहिरातीचा विजय म्हणावे लागेल.

निदान चुकणे हा केवळ हौशी लोकांचा दोष नव्हे. १९८८ साली बांगलादेशातून ईशान्य भारतात एक भयानक साथ शिरली. मरळ आणि तिच्यासारख्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या अंगावर लाल चट्टे उठत, त्यांचे खोल व्रण होत, मांस झडून हाडे दिसत. बाजारात लोकांनी मासे घेणे सोडले, मासेमार कुटुंबांची चूल विझली. पुढच्या काही वर्षांत ही साथ देशाच्या मोठ्या भागात पोहोचली.

कारण काय? कोणी विषाणू म्हटले, कोणी जिवाणू, कोणी शेतातली कीटकनाशके, कोणी पावसानंतरचे आम्लधर्मी पाणी. व्रणांत जिवाणू सापडत होते, पण उघड्या जखमेत जिवाणू सापडणारच. अखेर १९९० च्या दशकात 'अफॅनोमायसिस इन्व्हेडन्स' हा बुरशीसारखा जीव मूळ कारण असल्याचे स्वीकारले गेले. जपानमध्ये १९७१ सालीच असा आजार दिसला होता, ऑस्ट्रेलियात १९७२ साली. शोभिवंत माशांच्या व्यापारानेही त्याच्या प्रसाराला हातभार लावला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने 'सिफॅक्स' हे औषध काढले. खेड्यांतल्या तळ्यांत चुना आणि हळदही वापरली गेली. चुना पाण्याचा सामू सुधारत होता. म्हणजे उपाय पुन्हा पाण्यावरच.

आता कल्याण-डोंबिवलीच्या स्वतःच्या पाण्याकडे यावे.

स्वातंत्र्यानंतर कल्याण-शहाडच्या परिसरात इंडियन डायस्टफ इंडस्ट्रीज, अमर डाय-केम असे रंगांचे मोठे कारखाने उभे राहिले. 'अमरडाय' हे तर वस्तीचेच नाव झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आकाराला आली. रंग, रंगांची मध्यम रसायने, औषधे, कापडप्रक्रिया. कारो आणि फिशर यांच्या रसायनशास्त्राची ही भारतीय शाखा म्हणायला हरकत नाही. तिने हजारो घरांत पगार आणला, आणि तिच्या सांडपाण्याला वाट होती ती उल्हास, वालधुनी आणि खाडीची.

कल्याणजवळ आंबिवलीपाशी काळू नदीत १९७०-८० च्या दशकांत मुंबईतील संशोधकांना पारा आढळला. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या त्या काळच्या पद्धतीत पारा वापरत आणि तो सांडपाण्यातून नदीत उतरे. पाऱ्याचा आजार जगाला शिकवला तो जपानच्या मिनामाता गावाने: १९५६ साली तेथे रोगाची अधिकृत नोंद झाली, पण त्याआधीच मासे तरंगू लागले होते आणि ते खाणारी मांजरे झटके येऊन मरू लागली होती. मासे आणि मांजरे यांच्या रूपाने निदान समोर पडलेले होते, ते वाचायला उशीर झाला.

डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवट पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या, फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्री पाहणीला आले. रस्ता गुलाबी झाला की छायाचित्र निघते. नाल्याचे पाणी रोज रंग बदलते, त्याची छायाचित्रे सहसा काढली जात नाहीत. उल्हासच्या प्रदूषणाविरुद्ध 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, तो लढा वर्षानुवर्षे चालला. खाडीकाठच्या कोळी आणि आगरी घरांत जिताडा, बोय, निवट्या, चिंबोरी ही नावे आहेत. त्या नावांचे मासे घरामागच्या पाण्यात मिळण्याचा काळ आजोबांच्या बोलण्यात उरला आहे.

ठाण्यातले तलाव हे याच आजाराचे सौम्य रूप. कौपिनेश्वरासमोरचा मासुंदा, उपवन, कचराळी, आंबेघोसाळे: उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा विसर्जनानंतर यांपैकी कोठेतरी मेलेले मासे तरंगल्याची बातमी अधूनमधून येते. लोक म्हणतात, कोणीतरी विष टाकले. अनेकदा कारण टाकीतलेच असते, फक्त टाकी काही एकरांची असते. निर्माल्य, अन्न आणि सांडपाणी यांनी पाणी पोसले जाते, शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू सोडते. रात्री तेच शेवाळ आणि कुजणारा गाळ प्राणवायू ओढून घेतात. पहाटे सूर्योदयाच्या आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसानंतरची पहाट आणखी वाईट. मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून गोळा होतात, मोठे आधी मरतात, आणि सकाळी फिरायला आलेल्यांना ते दिसतात तोवर ऊन चढून पाणी पुन्हा बरे झालेले असते. दुपारी घेतलेल्या नमुन्यात मग काही सापडत नाही.

म्हणूनच तलावातील कारंजी ही शोभेपुरती नाहीत. ती हवेच्या पंपाचे काम करतात. विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करण्यात ठाणे आघाडीवर राहिले, त्याचाही या माशांना फायदा झाला. याच शहरांत डासांच्या अळ्या खाण्यासाठी साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडतात. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापावर उपाय म्हणून भारतात आणलेला हा मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा पाहुणा. जे पाणी इतर माशांना मारते त्यातही तो तग धरतो. गटारात फक्त गप्पी दिसत असेल तर पाण्याची प्रकृती कशी आहे, हे वेगळ्या चाचणीशिवाय कळते.

डोंबिवलीतल्या एखाद्या घरात आज रात्री कोणी टाकीसमोर उभे राहून मासा का धापतो आहे याचा विचार करीत असेल, तर क्रम असा राहील: आधी अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी, मग हायपो घालून एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश पाण्याची बदली, मग हवेचा पंप जोरात, आजारी मासा वेगळ्या भांड्यात मिठाच्या पाण्यात. ठिपके, बुरशी, व्रण यांपैकी काय आहे ते सकाळच्या उजेडात नीट पाहायचे. निळी बाटली त्यानंतर, आणि तीही मुख्य टाकीबाहेर.